न आलेला शब्द

इंग्रजीच्या वर्गात हाल्वर्सनबाईंनी पिशवीतून निळं जॅकेट काढून टेबलावर ठेवलं आणि समोर बसलेल्या मू लाचा जीव हरखला. जाड, आतून उबदार, लेकीला अगदी मापात बसेल असं. पुढच्या वेळी जॅकेट आणीन आणि ‘पॉकेट’ हा शब्द घेईन, हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून मू ला हॉटेलातल्या चादरींच्या घड्या घालताना एकच वाक्य घोकत होती. लेकीलाही तिने जॅकेट कबूल करून टाकलं होतं.

बाईंची शिकवायची रीत सोपी होती. अर्थ सांगायचा नाही, वस्तू हातात द्यायची. ती वर्गभर फिरायची, प्रत्येकाने चाचपायची, उघडून बघायची, तिचं नाव घ्यायचं. मग त्या शब्दाचं आपल्या घरातलं खरं वाक्य ज्याला करता येईल, त्याने ती वस्तू घरी न्यायची. चर्चच्या तळघरातल्या, निर्वासितांच्या त्या वर्गात शब्द पाठ होत नसत, घरी राहायला जात. म्हातारे के डोकाका असेच लहान मुलाची बर्फावरची घसरगाडी जिंकून बसले होते. ‘माझा तांदूळ बर्फावरून घसरत येतो’, हे त्यांचं वाक्य. आणि खरंच ते दुकानातून तांदळाचं पोतं तिच्यावरून ओढत आणत. पॉ थूकडे लाल हातमोजे गेले होते, कुणाकडे शिट्टी, कुणाकडे दप्तर. त्या सगळ्या वस्तूंवर शाईने एकच नाव लिहिलेलं होतं, ओवेन.

ओवेन कोण, असं गेल्या हिवाळ्यात कुणीतरी विचारलं होतं. माझा मुलगा, अकरा वर्षांचा, असं बाई म्हणाल्या होत्या. या हिवाळ्यात एका नव्या विद्यार्थिनीने विचारलं, तेव्हाही त्यांनी अकराच सांगितलं. पुढे विचारायची कुणाची छाती झाली नाही. आपापल्या माणसांची वयं अशी थांबलेली त्या वर्गातल्या सगळ्यांनीच पाहिली होती.

“हे शेवटचं,” बाई आज म्हणाल्या.

त्यांनी जॅकेट स्वतःसमोर धरलं आणि एकेक भाग दाखवत गेल्या. चेन, टोपी, बाही. मग ‘पॉकेट’ म्हणत त्यांनी खिशात हात घातला आणि तो हात आतच राहिला.

बाहेर आला तेव्हा बोटांत ओठांना लावायच्या मलमाची कांडी होती. टोपण दातांनी चावून चावून पांढरं पडलेलं. बाईंनी ते पाहिलं, कांडी घाईघाईने परत खिशात टाकली आणि पुन्हा एकदा ‘पॉकेट’ म्हणाल्या. जॅकेट त्यांनी के डोकाकांपुढे केलं खरं, पण बाईंच्या मुठीतली बाही काही लवकर सुटेना.

जॅकेट हातोहात फिरत मू लाकडे आलं. तिने चेन वरखाली केली, टोपी चाचपली. खिशाच्या कापडावरून तिच्या बोटाला ती कांडी लागली.

वाक्य कोण करणार, असं बाईंनी विचारलं. कुणी हात वर केला नाही. जॅकेट कुणाला मिळायला हवं, हे वर्गाने कधीच ठरवून टाकलं होतं.

“मू ला?”

वाक्य तिच्या जिभेवर होतं. माझ्या मुलीच्या स्वेटरला पॉकेट नाही, म्हणून तिचे हात गार पडतात. तिने तोंड उघडलं आणि तिची नजर बाईंच्या हाताकडे गेली. हात रिकामा होता, पण बोटं अजून काहीतरी धरल्यासारखी मिटलेली होती.

“येत नाही, बाई,” मू ला म्हणाली.

शेजारी बसलेल्या पॉ थूने तिला कोपराने ढोसलं. “वेड लागलं का गं तुला?” ती ‘करेन’ या त्यांच्या मातृभाषेत कुजबुजली. “पोरगी तिकडे कुडकुडतेय. बोल की.”

“बाईंच्या हाताकडे बघ जरा.”

पॉ थूने बघितलं. बाईंनी तिला विचारलं, तेव्हा तिलाही वाक्य येईना. पुढच्या दोघांनाही येईना. आपल्या डोक्यात हल्ली काही राहतच नाही, असं के डोकाकांनी न विचारताच जाहीर करून टाकलं.

“तुम्हाला येतंय,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “सगळ्यांना येतंय.”

मू ला उठली. लहान मुलाच्या कपड्याची घालावी तशी तिने जॅकेटची घडी घातली आणि ते पिशवीत ठेवून पिशवी बाईंच्या हातात दिली.

“कठीण शब्द आहे, बाई. अजून थोडे दिवस तुमच्याकडेच राहू द्या.”

बाई पिशवी छातीशी धरून खुर्चीत बसल्या आणि सगळ्यांसमोर रडल्या. कुणी नजर फिरवली नाही, की घड्याळाकडे पाहिलं नाही. वर्ग तसाच बसून राहिला.

जिना चढून मू ला वर आली, तेव्हा लेक दारापाशी वाट पाहत उभी होती. स्वेटरच्या बाह्या तिने बोटांच्या पुढे ओढून घेतल्या होत्या. तिने आईच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“वाक्य विसरलीस?”

“विसरले.”

“एवढं घोकून?”

बाहेर वारा सुटला होता. चालता चालता मू लाने लेकीचा गारठलेला हात धरला आणि आपल्या कोटाच्या खिशात घातला.

“पॉकेट,” ती म्हणाली. उच्चार अगदी स्वच्छ आला.

“आता आठवलं होय?” लेक म्हणाली.