एक खोली कमी

"ही फरशी बसवणारा डोळे घरी विसरून आला होता वाटतं," बाबा म्हणाले आणि काठीचं टोक दोन फरश्यांमधल्या फटीत घालून फिरवलं.

घरमालक कसनुसं हसला. "जुनं घर आहे, साहेब. पण पक्कं आहे."

"पक्का तर दगडही असतो. त्यात राहतं का कुणी?"

बाबांनी उभा जन्म शाळा तपासल्या होत्या. तपासनीस आले म्हटलं की भल्याभल्या हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळायचं. निवृत्त झाल्यावर तपासायला शाळा उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी घरच्यांना हाती घेतलं. मुलाला चारचौघांत बोलता येत नव्हतं. सुनेला चहासुद्धा जमत नव्हता. आणि सुनेची आई, जी गेली दोन वर्षं त्यांच्याकडेच राहत होती, तिला एका वाक्यापलीकडे भाषा येत नव्हती.

जुन्या घराच्या विक्रीच्या कागदांवर बाबांनी मागच्या आठवड्यात सही केली, तीही अट घालूनच. नवं घर त्यांच्या पसंतीचं हवं.

"तुमच्या शब्दाबाहेर आहे का मी?" मुलगा तेव्हा म्हणाला होता.

"बाहेर जायला आधी अक्कल लागते," बाबांनी त्याला समजावलं होतं.

महिनाअखेर जुनं घर रिकामं करून द्यायचं होतं. आणि बाबांनी आतापर्यंत पाहिलेली सगळी घरं नापास केली होती.

सुनेनं जिन्याजवळच्या खोलीचं दार उघडलं. "ही आईला. तिला जिना चढवत नाही."

"छान आहे हो," विहीणबाई म्हणाल्या.

"यांना गोठा दाखवा, तरी छानच म्हणतील," बाबा म्हणाले. हळू बोलायची त्यांना सवय नव्हती.

वर दोन खोल्या होत्या. एक मुलगा-सुनेला, दुसरी दोन्ही नातींना. नातींची शाळा इथून चालत जाण्याएवढी जवळ होती. मुलगा खिडकीशी उभा राहून परसातलं झाड बघत होता. त्याचा चेहरा उजळलेला बघून बाबांना कीव आली. पन्नाशी जवळ आली, तरी झाड दिसलं की हरखतो.

"आणि मी?" बाबांनी विचारलं.

"दिवाणखाना मोठा आहे, बाबा. कोपऱ्यात पलंग टाकू तुमचा," मुलगा म्हणाला.

"म्हणजे आल्यागेल्यानं मला बघत चहा प्यायचा? मी काय पिंजऱ्यातला पोपट आहे? या घरात एक खोली कमी आहे. ज्याला चारपर्यंत मोजता येत नाही, त्यानं घर घ्यायला निघू नये."

मुलगा पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला. सून मात्र म्हणाली, "बरोबर आहे बाबांचं. त्यांना वेगळी खोली हवीच. दिवाणखान्यात त्यांचेही हाल आणि आपलेही."

बाबांनी मान डोलावली. कधी नव्हे ते बाई शहाण्यासारखं बोलली होती.

खाली उतरताना तिनं घरमालकाला विचारलं, "तुम्ही नवरा-बायको दोघंच राहता का इथे?"

"आता दोघंच. वडील होते, ते गेल्या वर्षी गेले." तो म्हणाला. "फार हुशार माणूस. पण जिभेला हाड नव्हतं."

"हुशार माणसाचं बोलणं बिनडोकांना टोचतंच," बाबा म्हणाले.

स्वयंपाकघराच्या मागच्या बोळात एक अजस्र लाकडी कपाट होतं. बाबा थबकले. त्यांनी कपाटाचं दार उघडलं. आत काही नव्हतं. त्यांच्या ओठांवर हसू आलं. तपासणीच्या दिवशी हेडमास्तर नेमकं हेच करत. जिथे भिंत गळकी, तिथे कपाट उभं. असली किती कपाटं त्यांनी आजवर हलवायला लावली होती!

"रिकामं कपाट भिंतीला असं चिकटवून कशाला ठेवलंय?"

"राहू द्या ना, साहेब. जड आहे ते."

"जड आहे की मागे ओल आहे?" बाबांनी काठी आपटली. "सरकवा! चिरंजीव, बघताय काय? लावा हात!"

मुलानं आणि घरमालकानं जोर लावला. कपाट करकरत बाजूला सरकलं.

मागे ओल नव्हती. दार होतं आणि त्याची कडी बाहेरच्या बाजूला होती.

बाबांनी स्वतः कडी काढली. आत लहानशी कोरडी खोली होती. एक लोखंडी पलंग, आढ्यालगत एक झरोका. चारही भिंतींना गादीसारखं जाड अस्तर ठोकलेलं. दाराच्या खालच्या बाजूला ताट सरकेल एवढी झडप.

बाबांना सगळं उमगलं आणि ते कडाडले, "अरे, जन्मदात्याला कोंडलंस तू इथे? माणूस आहेस की कोण? तरीच म्हटलं, दोन पैशांची अक्कल नाही ती नाहीच, पण लाज तरी असावी!"

घरमालक खाली बघत राहिला. "दिवसभर बोलायचे हो," तो पुटपुटला. "ज्यात त्यात खोट काढायचे. शेवटी बायको माहेरी निघाली."

"ऐका! म्हणे बोलायचे!" बाबा विजयी मुद्रेनं घरच्यांकडे वळले. "हे घर नापास. चला."

कुणी हललं नाही.

सून आत गेली. तिनं भिंतीच्या अस्तरावरून सावकाश हात फिरवला. "आवाज बाहेर येत नाही?"

"अजिबात नाही," घरमालक म्हणाला.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. विहीणबाईंनी दारातून डोकावून सगळी खोली नीट न्याहाळली.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या.

मुलानं घसा खाकरला. मग चारचौघांत, एकदाही न अडखळता, तो घरमालकाला म्हणाला, "घर घेतलं आम्ही. तेवढं कपाट मात्र इथंच राहू द्या."