चटणीची पहिली बातमी

“अहो, पळत या! चंद्रावरच्या वसाहतीतून ऑर्डर आलीय!” शैलजा ओरडली.

तिच्या शेंगाचटणीची तारीफ कोणी कोणाजवळ केली, ते भिंतीवरच्या नकाशात रेषारेषांनी झगमगत होतं.

“पण पहिल्यांदा कोण बोललं?” तिच्या नवऱ्याने, सिद्धारामने, उत्साहाने विचारलं.

शैलजा रेषा मागे नेत गेली. चंद्रावरून दुबई, दुबईहून नाशिक, मग सोलापूर आणि शेवटी त्यांच्याच गल्लीतली पिठाची गिरणी. तिने नकाशात साठवलेला तिथला आवाज लावला. तो सासूबाईंचा होता.

“माझ्या सुनेची चटणी खाऊन बघा. मला जन्मात अशी जमली नाही.”

शैलजा स्वयंपाकघरात धावली. सासूबाई नवी चटणी चाखत होत्या.

“लसूण जास्त झालाय,” त्या म्हणाल्या.

बारा वर्षं रोज ऐकलेलं ते वाक्य ऐकून शैलजा आज त्यांच्या गळ्यातच पडली.