जोरदार शिफारस

बैठकीतल्या झोपाळ्याची कडी करकरली. प्राचार्य प्रेमराज सर पायानं रेटा देत झोका घेऊ लागले. समोर खुर्चीच्या कडेवर कामिनी बसली होती. तिला चिकटून दुसरीतली तिची लेक, दिपू.

"शिफारसपत्र ना? आणलंस लिहून?"

गेल्या आठवड्यात ती पहिल्यांदा आली होती. पुण्याच्या लॉ कॉलेजला प्रवेशअर्जासोबत प्राध्यापकाचं पत्र हवं होतं, विद्यार्थिनीला जवळून ओळखणाऱ्याचं. मराठीतलं चालणार होतं. धुळ्यात याच सरांच्या वर्गात कामिनी पहिल्या बाकावर बसायची, राज्यशास्त्रात पहिली आली होती. तरी त्या दिवशी सरांनी तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

"तूच लिही. जोरदार लिही, हात आखडू नको. मी सही ठोकतो. सगळ्यांचं असंच असतं." कॉलेजचं नाव छापलेले कोरे कागद त्यांनी पुढे सरकवले. वर उपदेश फुकट. "पण वकील होऊन करणार काय, ताई? घरात भांडायला नवरा पुरत नाही का?"

आतून लताबाई, सरांची बायको, हसल्या होत्या. मग दाराशी येऊन त्यांनी विचारलं होतं, "तू कोनी पोर शे?" कुणाची पोर ते, म्हणजे बापाचं नाव, कळलं आणि दोघांचं समाधान झालं. तिचं नाव विचारायचं कारणच उरलं नाही.

शिंदखेड्याला घरी परतल्यावर दिपू शाळेत आणि सासूबाई शेजारी गेल्याचं पाहून ती ओट्याशीच लिहायला उभी राहिली. कुकरची शिट्टी व्हायची होती. 'कामिनी ही अत्यंत बुद्धिमान, निर्भीड विद्यार्थिनी' असं लिहिताना तिचे कान तापले. पण लिहिलं. मग काय अंगात आलं कोण जाणे, तिनं दुसरा कोरा कागद ओढला आणि एका दमात खरडलं, 'ही विद्यार्थिनी मला आठवत नाही. तिचं नाव मला माहीत नाही. हे पत्र तिनंच लिहिलं आहे. मी ते वाचलेलं नाही.'

आज तिनं दोन्ही कागद सरांपुढे ठेवले. हा दुसरा वर.

सरांनी वाचलं तर पत्रही गेलं आणि पुणंही. चष्मा सरांच्या नाकावरच होता. त्यांची नजर कागदावरून खाली घसरली, सहीची जागा शोधत. सही झाली, शिक्का बसला. खालच्या कागदावरही.

"दोन प्रती आणल्यास, बरं केलंस," सर म्हणाले. "आणि जोरदार लिहिलंयस हं, रत्ना."

एसटीत खिडकीशी बसल्यावर कामिनीला हसू आवरेना. हा माणूस जन्मभर पोरांना न्याय आणि हक्क शिकवत आला म्हणे. वरचा कागद नवऱ्याला दाखवायचा, मैत्रिणींना दाखवायचा, फ्रेम करून लावला तरी हरकत नाही. खालचा जाईल पुण्याला. अशांची किंमत आपल्या लेखी एका शिक्क्याएवढी, बस.

सोनगीरचा किल्ला मागे पडला. दिपूनं तिच्या मांडीवरचे कागद ओढून घेतले. पोर दिसेल ते मोठ्यानं वाचायची, दुकानांच्या पाट्यासुद्धा. अक्षराला अक्षर जोडत तिनं आधी एक वाचला, मग दुसरा. पुढच्या बाकावरच्या एका आबांनीही मान वळवली. कामिनी अजून हसतच होती.

"मम्मी, यात लिहिलंय तू खूप हुशार आहेस."

"मग? आहेच."

"पण हे तर तूच लिहिलंस. आणि सरांना तुझं नावपण माहीत नाही." दिपूनं कागद खाली घेतला आणि आईकडे पाहिलं. "मग तू हुशार आहेस, हे कुणाला माहितीये?"