अंगठ्याची सवय

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी सुतारखान्यात टेबल सॉ आला, टेबलात गोल पातं बसवलेली विजेची करवत. थोरलीने आणला. वडिलांना विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

सकाळपासून ती त्या मशीनभोवती गुडघ्यांवर फिरत होती. डुगडुग थांबेपर्यंत तिने पायांखाली चकत्या सारल्या. भिंतीतली पिन काढून ठेवली आणि मगच पात्याला हात लावला. गुण्या लावून पातं टेबलाशी काटकोनात उभं केलं. ज्या पट्टीला टेकून लाकूड सरकतं ती पात्यापासून पुढेही तेवढीच आणि मागेही तेवढीच लांब आहे ना, ते पुन्हा पुन्हा मोजलं. पात्यामागे पोलादी फाळ बसवला. कापलेली फट मिटून पातं आवळलं, तर लाकूड उलटं अंगावर येतं; ते येऊ नये म्हणून हा फाळ. वरून झाकण.

वडील दारात उभे राहून बघत होते. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. शेजारी पॉलिशवाला चहा पीत होता.

"जावयाचेसुद्धा एवढे लाड नाही केले आपण," मिस्त्री त्याला म्हणाले.

"जावई बोटं खात नाही, आप्पा," थोरली मान वर न करता म्हणाली.

पॉलिशवाला हसला. मिस्त्री हसले नाहीत.

तिने केस आवळून बांधले, बाह्या वर सारल्या, पिन लावली आणि बटण दाबलं. पात्याच्या रेषेत न राहता जरा बाजूला उभं राहून एक फळी कापली. शेवटचा वीतभर भाग हाताने न लोटता खाचेच्या काठीने लोटला.

"लाकूड काठीने हाकायचं. म्हशी हाकतात तसं," मिस्त्री म्हणाले.

तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. फळ्या आल्या होत्या. थोरली मशीन बंद करून उतरवून घ्यायला गेली.

परत आली ती आवाज ऐकून. मशीन चालू होतं. झाकण आणि फाळ खाली भुशात पडले होते. मिस्त्री टेबलावर वाकले होते आणि त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा पात्याजवळ उभा होता.

हातकरवतीने कापताना पहिले दोन-चार घास इकडेतिकडे पळतात. म्हणून रेघेवर अंगठा उभा धरायचा आणि करवत त्याच्या पेराला घासत न्यायची. मिस्त्रींच्या पेरावर त्याचा घट्टा होता. हातकरवत अंगठ्याला विचारून पुढे जाते. हे पातं कुणालाच विचारत नव्हतं.

थोरली ओरडली नाही. दचकलेला हात कुठेही जातो. तिने दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला. पातं थांबायला वेळ लागला. थांबलं तेव्हा अंगठ्याच्या नखावर बारीक भुसा बसला होता.

"कुणी बंद केलं?"

"मी."

"त्या झाकणातून रेघ दिसत नाही. डोळे बांधून कापू काय?"

"झाकण काढलंत, फाळ काढलात, वर अंगठा लावलात. राहिलं काय? मानच ठेवायची होती!"

"तोंड सांभाळ. तुझ्या हातात करवत कुणी दिली?"

"तुम्ही दिलीत. अंगठा लावायलाही तुम्हीच शिकवलंत." तिचा आवाज फाटला. "माझाही अंगठा तिकडेच जातो, आप्पा. प्रत्येक फळीला जातो. म्हणून धरते ती काठी!"

मिस्त्रींनी अंगठा उलटा करून पाहिला. नखावरचा भुसा फुंकला. कदाचित तिथेच मिटलं असतं.

"जाऊ द्या मिस्त्री," पॉलिशवाला म्हणाला. "म्हातारपणी लेकीचं ऐकावं माणसाने."

मिस्त्रींचा चेहरा काळवंडला. "परक्यासमोर माझी अक्कल काढतेस? मी उभा केलेला सुतारखाना, आणि इथे माझ्याच हाताला बंदी?"

"हो, बंदी," थोरली म्हणाली. "या मशीनला तुम्ही हात लावायचा नाही."

तिने पिन उपटली, पाना घेतला, पातं सोडवलं आणि फडक्यात गुंडाळून काखेत मारलं. पाठमोरी होऊन ती घरात गेली.

त्यानंतर काम संपलं की ती पातं काढून घरात न्यायची. मिस्त्रींनी आपली हातकरवत आणि रंधा उचलून मागच्या पडवीत बस्तान हलवलं. निरोप आईमार्फत जायचे.

"तुझ्या लेकीला सांग, चौकट तयार आहे."

"ऐकलं म्हणावं."

"मी काय टपाल आहे का?" आई चिडायची. दोघंही ऐकून घ्यायची आणि आपापल्या जागी लाकूड कापत राहायची.

पुढच्या वर्षी थंडी सुरू होताना मिस्त्री वारले. थोरलीशी ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. बोटं दहाच्या दहा होती.