फ्लेक्सवरची चूक

तुर्भ्याच्या ज्युनिअर कॉलेजात बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होता. बाजारात माथाडी काम करणाऱ्या सयाजीची ज्ञानेश्वरी सायन्सला पहिली आली होती. पोरीला डॉक्टर व्हायचं होतं आणि घरचे आढेवेढे घेत होते, म्हणून तिच्या वर्गशिक्षिका शकिला मॅडमनी प्रमुख पाहुणी मुद्दाम डॉक्टर झालेली माजी विद्यार्थिनीच बोलावली होती. आज तिच्यासमोर सयाजीकडून होकार घ्यायचाच, असं त्यांनी ठरवलं होतं.

सयाजी एकटाच आला, हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन. मॅडमनी हसत पेढा तोंडात टाकला. "आणि आमची टॉपर कुठे राहिली?"

"सांगतो. पर आधी एक काम हाय. रागावू नका, फ्लेक्सवर तिचं नाव जरा चुकलंय."

"काय सांगता! मी तीनदा तपासलंय. वेलांटी राहिली का कुठे?"

"वेलांट्या समद्या बराबर हायत, मॅडम."


"तेवढं 'कु.' खोडून 'सौ.' करा. गुरुवारी तिला अठरा पुरी झाली, रविवारी बार उडवून दिला."