जप्त केलेला बॉल

फरीदाबादच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे आमचे हे. लॉनवर कुणी खेळताना दिसलं की बॉल जप्त, आणि कपाटाची किल्ली यांच्याच खिशात.

त्या दिवशी टीव्हीवर भारत-नेपाळ महिला फुटबॉलची फायनल होती. यांनी आमच्या नेपाळी चौकीदाराला, टीकारामला, मुद्दाम गेटवरून वर बोलावलं. बस म्हणाले नाहीत. "देख, आज तुम्हारी टीम कैसे पिटती है!" बॉल आपल्याकडे आला की हे त्याला डिवचायचे. तो दाराशी उभा, हातात काठी, नजर टीव्हीवर.

शेवटच्या मिनिटाला नेपाळच्या नऊ नंबरच्या मुलीने आपल्या तिघींना चकवलं आणि गोल ठोकला. फायनल गेली. हे इतके लालबुंद झाले की मला हरल्याचं वाईट वाटायचंच राहून गेलं.

"कौन है ये लड़की?" हे ओरडले.

"मेरी बेटी है, साब." काठी भिंतीला टेकवून टीकाराम बारा वर्षांत पहिल्यांदाच आमच्या सोफ्यावर बसला. "छोटी थी, तब यहीं लॉन पर खेलती थी. आपने बॉल छीनकर कहा था, खेलना है तो अपने देश जाकर खेल."