चार सेंटिमीटर

प्रणिताचे दोन्ही अंगठे बाहुलीच्या छातीवर टेकले आणि तिथंच राहिले.

"किती दाबायचं?" रेणुकाबाईंनी विचारलं.

"चार सेंटिमीटर. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा." प्रणितानं घडाघडा सांगितलं.

"मग दाब ना."

तिनं दाबलं. बाहुलीच्या आतून टक् असा आवाज यायला हवा होता. आला नाही.

आदिलाबादच्या या नर्सिंग कॉलेजात, तान्ह्या लेकराचा श्वास थांबला तर काय करायचं, हा धडा दोन वर्षांपासून मोबाइलवरच शिकवला जात होता. परीक्षाही मोबाइलवर. प्रणिताला तीसपैकी तीस होते. रेणुकाबाईंनी हट्ट करून यंदा हातानं शिकवायला एक शनिवार मागून घेतला होता. पुढच्या तुकडीला तो द्यायचा की नाही, हे ठरवायला प्राचार्य अमृतराव दारात येऊन उभे होते.

"मॅडम, लय लहान हाये वो," प्रणिता हळूच म्हणाली. "बरगड्या मोडतीन."

रेणुकाबाईंना हसू आलं. तीस वर्षांपूर्वी हेच वाक्य त्या आपल्याला शिकवणाऱ्या मनकर्णा सिस्टरांना म्हणाल्या होत्या. तेव्हा टक् वाजणारी बाहुली कुठली! मनकर्णा सिस्टर भैंसा गावच्या. सुट्टीवरून येताना त्यांनी तिथल्या जिनिंग गिरणीतला कापूस पिशवीभर आणला, जुन्या चादरीत शिवला आणि जांभळ्या औषधानं डोळे काढले. पोरींनी त्याचं नाव ठेवलं चंदन. हॉस्टेलातून कोणीतरी रोज गुपचूप त्याला काजळाची तीट लावून जायची. तेव्हा अंगठ्यांनी नाही, दोन बोटांनी दाबायचं. कोणाचा हात हलका पडला की सिस्टर ओरडायच्या, "काऊन वो, गादी झटकून राह्यली का?" महिन्याभरात चंदनची छाती खोल जायची. मग संध्याकाळी सगळ्या जणी त्याला घेऊन व्हरांड्यात बसायच्या, उसवायच्या, नवा कापूस भरायच्या. त्या व्हरांड्यातलं हसणं रेणुकाबाईंना अजून ऐकू यायचं.

त्यांनी आपले अंगठे प्रणिताच्या अंगठ्यांवर ठेवले आणि दाबले. टक्.

"एवढं?" प्रणिताचे डोळे मोठे झाले.

"एवढं. आता तू एकटी."

टक्. टक्. टक्. मागच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या.

"पाहा बाई," अमृतराव आत आले, "दोन मिनिटांत शिकली. एवढ्यासाठी तामसीच्या, नार्नूरच्या पोरींनी बसनं यायचं? दिवस जाते त्यांचा. व्हिडिओ पाहून घरी उशी दाबतीन."

"व्हिडिओ राहू द्या सर. चांगलाच हाये तो." रेणुकाबाई बाजूला सरकल्या. "तुमी एकडाव करून पाहा."

पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या. अमृतरावांनी चष्मा खिशात ठेवला, बाह्या सारल्या आणि बाहुली दोन्ही पंजांत धरली. पोरींमधली उत्कर्षा मोठ्यानं मोजू लागली. पहिले वीस टक् कसे खणखणीत वाजले. साठाला वेग उतरला. ऐंशीला अमृतरावांच्या कपाळावर घाम आला, आणि नव्वदनंतर बाहुली वाजेनाशी झाली. उत्कर्षा मोजतच होती. अमृतरावांनी हात काढून घेतले, अंगठे चोळले.

"किती वेळ करत राहायचं हे?"

"लेकरू रडेपर्यंत," रेणुकाबाई म्हणाल्या.

अमृतरावांनी अंगठे पुन्हा बाहुलीच्या छातीवर टेकवले, आणि उत्कर्षानं पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.